धर्मानंद दामोदर कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (जन्म : ९ ऑक्टोबर १८७६, साखवाळ, गोवा, मृत्यू : ४ जून १९४७, सेवाग्राम, वर्धा) हे पाली भाषा व बौद्ध धर्माचे मराठी अभ्यासक, अध्यापक आणि लेखक होते. त्यांच्याकडे कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती. त्यांचे संस्कृतचे शिक्षण पुणे व काशी येथील शास्त्र्यांकडे आणि पालीचे शिक्षण श्रीलंका व ब्रह्मदेशातील बौद्ध विहारांत झाले. असे असूनही कलकत्ता विद्यापीठ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ येथे त्यांनी अध्यापन वा संशोधन केले. धार्मिक विद्यालयात मिळवलेल्या विद्येला आधुनिक विद्यापीठाने मान्यता दिल्याचे महाराष्ट्रातील हे एक ठळक उदाहरण मानता येते. पश्चिम भारतातील महाविद्यालयांत पालीचे अध्यापन रुजवण्याच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा आहे. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र होत.

प्रारंभिक जीवन

धर्मानंदांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घराचा चरितार्थ मुख्यतः नारळाच्या बागायतीवर चाले. गावातील मराठी शाळेत त्यांचे जुजबी शिक्षण झाले. प्रकृतीच्या तक्रारी आणि घरची परिस्थिती यांमुळे ते पुढे गेले नाही आणि बागायतीची जबाबदारी लहान वयातच त्यांच्यावर आली. प्रथेप्रमाणे किशोरवयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. तुकारामांच्या अभंगांनी त्यांच्या मनात वैराग्याची ओढ निर्माण केली. याच काळात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रपर लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाविषयीची जिज्ञासा त्यांच्या आयुष्याचा मुख्य विषय बनली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा तर आधी संस्कृत शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १८९९ च्या अखेरीस, पत्नी व तान्ही कन्या माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

पुणे आणि काशी

घराबाहेर पडल्यावर ते पुण्यास आले. तेथे प्राच्यविद्या पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साहाय्य त्यांना मिळाले. प्रार्थना समाजाशीही त्यांचा संबंध आला. पुण्यात काही काळ अध्ययन केल्यानंतर ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले.

काशीत त्या काळी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी शास्त्र्यांच्या घरी किंवा पाठशाळेत राहून शिकत आणि अन्नछत्रात जेवत. कोसंबी यांनी याच पद्धतीने दिवस काढले. महामहोपाध्याय गंगाधरशास्त्री तेलंग यांच्या पाठशाळेत त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. विद्यार्थ्याकडून शुल्क न घेणारी ही परंपरा गरीब अभ्यासकास मोठा आधार देणारी होती. मात्र तेथे केवळ पाठ घेतलेल्या विद्यार्थ्यापाशी इंग्रजी महाविद्यालयात दाखवण्यासारखे काही नसे.

विहारांतील शिक्षण

१९०२ साली कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळला गेले. तेथील बौद्ध धर्माची तत्कालीन स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. तेथून बुद्धगयेस व पुढे कलकत्त्यास आल्यावर महाबोधी सभेच्या मदतीने ते त्याच वर्षी श्रीलंकेला गेले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. हे विद्यालय हिक्कडुवे सुमंगलाचार्य यांनी १८७३ साली स्थापन केले होते. भिक्षूंना पाली, संस्कृत व बौद्ध शास्त्रांचे शिक्षण देणाऱ्या अशा संस्थांना श्रीलंकेत ‘पिरिवेण’ म्हणतात. सुमंगलाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली कोसंबी यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

त्यानंतर ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली, ध्यानाचा अभ्यास केला आणि ब्रह्मी लिपीतील हस्तलिखिते व मुद्रित ग्रंथ वाचण्याची पात्रता मिळवली. मधल्या काळात सारनाथ, कुशिनारा इत्यादी बौद्ध तीर्थस्थानांची यात्रा त्यांनी केली. एकच पाली ग्रंथ सिंहली, ब्रह्मी व नागरी अशा निरनिराळ्या लिप्यांत वाचता येणे, मूळ ग्रंथ व त्यावरील अट्ठकथा यांचा संबंध परंपरेच्या अंगाने ठाऊक असणे आणि त्या ग्रंथांत सांगितलेल्या भिक्षुजीवनाचा प्रत्यक्ष अनुभव असणे ही या शिक्षणाची वैशिष्ट्ये होती. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले अभ्यासक त्या वेळच्या भारतीय विद्यापीठांत दुर्मीळ होते.

विद्यापीठीय मान्यतेचा प्रश्न

ब्रिटिश भारतातील विद्यापीठांची रचना मॅट्रिक, इंटर, बी.ए. आणि एम.ए. अशा परीक्षांच्या पायऱ्यांवर उभी होती. पाठशाळा, मदरसा किंवा विहार येथील अध्ययन कितीही दीर्घ असले तरी या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीशी ते समकक्ष मानावे, याची सर्वसाधारण सोय नव्हती. संस्कृतसाठी काशी व कलकत्ता येथील सरकारी संस्कृत महाविद्यालये परीक्षा घेऊन उपाध्या देत असत. परदेशातील बौद्ध विहारात घेतलेल्या पालीच्या शिक्षणासाठी मात्र असा मार्ग नव्हता. कोसंबी यांनी तर मॅट्रिकची पहिली पायरीही ओलांडलेली नव्हती. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयात जायचे असते, तर त्यांना प्रारंभापासून सुरुवात करावी लागली असती.

कलकत्त्यातील परिस्थिती त्यांना अनुकूल ठरली. कलकत्ता विद्यापीठाने पाली हा विषय स्वीकारला होता, पण तो शिकवू शकणारे व तपासू शकणारे लोक फार थोडे होते. १९०१ साली सतीशचंद्र विद्याभूषण यांनी पालीत एम.ए. केले, तेव्हा परीक्षक म्हणून इंग्लंडमधील ऱ्हिस डेव्हिड्स यांची मदत घ्यावी लागली होती. अशा स्थितीत १९०६ साली कोसंबी कलकत्त्यास आले. हरिनाथ दे यांच्यासारख्या भाषाविदांशी त्यांचा परिचय झाला आणि त्यांच्या पाली ज्ञानाची खात्री तेथील विद्वानांना पटली.

बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीतून त्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण परिषदेने राष्ट्रीय महाविद्यालय सुरू केले होते आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य होते. सरकारी मान्यता नसलेल्या या महाविद्यालयात कोसंबी पाली शिकवू लागले. पुढे सरकारमान्य कलकत्ता विद्यापीठातही त्यांची पालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी आशुतोष मुखर्जी हे कुलगुरू होते. ज्याला नियमांप्रमाणे पहिल्या वर्गातही प्रवेश मिळाला नसता, तो अभ्यासक अशा रीतीने वरच्या वर्गांचा अध्यापक झाला. ही मान्यता व्यक्तीला मिळाली होती. विद्योदय विद्यालयाच्या किंवा ब्रह्मदेशातील विहारांच्या शिक्षणक्रमाला विद्यापीठाने समकक्षता दिली, असा तिचा अर्थ नव्हता. त्यांच्यामागून त्याच विहारातून येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्यास तिचा आपोआप लाभ होण्यासारखा नव्हता.

या बदलासाठी त्यांना भिक्षुजीवन सोडावे लागले. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूला द्रव्य स्वीकारता येत नाही, त्यामुळे वेतन घेऊन अध्यापन करणे चीवरधारी भिक्षूला शक्य नव्हते. १९०६ साली त्यांनी चीवर उतरवले, गोव्यास जाऊन कुटुंबाची भेट घेतली आणि बाळाबाईंना कलकत्त्यास आणले. त्यांची बौद्ध धर्मावरील निष्ठा मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

बडोदा आणि मुंबई विद्यापीठ

कलकत्त्यात स्थैर्य लाभले असले तरी आपल्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्राला व्हावा, अशी कोसंबी यांची इच्छा होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहावे, अशी त्यामागे अट होती. कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून १९०८ साली त्यांनी हे साहाय्य स्वीकारले. बडोद्यातील त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या पुस्तकाच्या रूपाने १९१० साली प्रसिद्ध झाली.

याच काळात मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा समावेश व्हावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले. त्यांना भांडारकरांचे पाठबळ मिळाले आणि विद्यापीठाने पाली हा विषय मान्य केला. कलकत्त्यात मिळालेल्या मान्यतेपेक्षा ही मान्यता वेगळ्या स्वरूपाची होती. विषयच परीक्षेच्या चौकटीत आल्यामुळे पाली शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला देशांतर करून विहारात जाण्याची किंवा एखाद्या विद्वानाच्या कृपेची वाट पाहण्याची आवश्यकता उरली नाही. मुंबई इलाख्यातील महाविद्यालयात शिकत असतानाच त्याला पालीचा अभ्यास करून पदवी मिळवता येऊ लागली.

हार्वर्ड विद्यापीठ

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांची कोसंबी यांच्याशी भेट झाली. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती. १८९९ साली वॉरन यांचे निधन झाल्याने ते काम अपुरे राहिले होते. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांना हे काम पुरे करू शकणारा पालीचा जाणकार हवा होता. वुड्स यांच्या शिफारशीवरून कोसंबी यांना निमंत्रण मिळाले आणि १९१० साली ते अमेरिकेला गेले. इंग्रजी त्यांनी प्रौढपणी, बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली होती.

निरनिराळ्या लिप्यांतील प्रतींचे पाठ ताडून पाहणे, अवतरणांची मूळ स्थाने शोधणे आणि दुर्बोध पारिभाषिक शब्दांचा अर्थ निश्चित करणे या कामांत विहारातील त्यांचे शिक्षण थेट उपयोगी पडले. तथापि ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे असावे, या प्रश्नावर लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. पुढे १९१८ ते १९२२, १९२६-२७ आणि १९३१-३२ या काळात ते पुन्हा हार्वर्डला गेले व काम पूर्ण केले. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रकाशित केली. हार्वर्डची आवृत्ती ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर निघाली. तीत वॉरन यांचा संपादक म्हणून आणि कोसंबी यांचा संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून निर्देश आहे.

फर्ग्युसन महाविद्यालय

१९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. महाविद्यालयीन पालीची पहिली मराठी पिढी येथेच घडली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिंतामण विनायक जोशी आणि ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी पुढे पालीचे मान्यवर अध्यापक झाले. ‘चिमणराव’ या व्यक्तिरेखेचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेल्या जोशी यांनी बडोद्यास पालीचे अध्यापन केले. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांच्या तौलनिक अभ्यासावर १९३२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. कोसंबी ज्या विद्यापीठात निमंत्रित पंडित म्हणून गेले होते, त्याच विद्यापीठात त्यांचा विद्यार्थी भारतीय विद्यापीठाच्या पदव्यांच्या आधारे नियमित संशोधक म्हणून दाखल होऊ शकला. गुरूच्या व शिष्याच्या वाटेतील हा फरक पालीला मिळालेल्या विद्यापीठीय मान्यतेमुळे पडला होता.

गुजरात विद्यापीठ आणि राष्ट्रीय चळवळ

१९२२ साली भारतात परतल्यावर कोसंबी महात्मा गांधींनी १९२० साली स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात रुजू झाले. १९२५ पर्यंत ते तेथे होते. असहकार चळवळीत सरकारमान्य महाविद्यालये सोडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे विद्यापीठ निघाले होते. त्याच्या पदव्यांना सरकारची मान्यता नव्हती. पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय आणि पंडित सुखलाल संघवी हे त्यांचे सहकारी होते. जिनविजय यांची घडण जैन साधुजीवनात झाली होती, तर अंध असलेल्या सुखलालजींनी काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत अध्ययन केले होते. बौद्ध विहार, जैन साधुसंघ आणि जैन पाठशाळा यांतून आलेले तीन पंडित येथे एकत्र आले. सुखलालजींनाही पुढे बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे प्राध्यापकपद मिळाले.

१९२९ साली कोसंबी यांनी सोव्हिएत संघातील लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी वास्तव्य केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी शिरोडा येथे भाग घेतला व तुरुंगवासही भोगला. नंतरच्या काळात ते काशीत राहिले आणि काशी विद्यापीठाशीही त्यांचा संबंध आला. मुंबईतील परळ या कामगार वस्तीत १९३७ साली त्यांनी बहुजन विहार स्थापन केला. महाविद्यालयात पोहोचू न शकणाऱ्या श्रमिक व दलित समाजापर्यंत बुद्धाचा विचार नेणे हा त्यामागील हेतू होता.

लेखन आणि मतभेद

कोसंबी यांचे बहुतेक लेखन मराठीत आहे. पाली ग्रंथांतील मजकूर सामान्य वाचकाला कळेल अशा सरळ भाषेत मांडणे आणि दंतकथा बाजूला सारून जुन्या सुत्तांच्या आधारे इतिहास शोधणे, ही त्यांची पद्धत होती. ‘भगवान बुद्ध’ या चरित्रात त्यांनी वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला ही रूढ कथा नाकारली. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे कलह व शस्त्रधारणेविषयीचा उबग यांकडे त्यांनी लक्ष वेधले. प्राचीन काळातील मांसाहारविषयक त्यांच्या विवेचनामुळे जैन समाजात तीव्र नाराजी व्यक्त झाली. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील महत्त्वाच्या आत्मचरित्रांत गणले जाते.

प्रमुख ग्रंथ :
बुद्ध, धर्म आणि संघ (१९१०)
बुद्धलीलासारसंग्रह (१९१४)
निवेदन (१९२४)
समाधिमार्ग (१९२५)
बौद्धसंघाचा परिचय (१९२६)
हिंदी संस्कृति आणि अहिंसा (१९३५)
भगवान बुद्ध (१९४०-४१)
पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म (१९४९, मरणोत्तर)
बोधिसत्त्व (नाटक)

अखेरचे दिवस

वृद्धापकाळ व व्याधी यांमुळे शरीर कार्यक्षम राहिले नसता अन्नत्याग करून देह ठेवावा, असा विचार कोसंबी यांनी केला. जैन परंपरेतील सल्लेखनेचा आदर्श त्यांच्यासमोर होता. गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी एकदा हा निश्चय मागे घेतला. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा उपवास आरंभला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पालीच्या अभ्यासासाठी भारतीय विद्यार्थ्यांना श्रीलंकेत पाठवावे, अशी कल्पना गांधीजींनी मांडली. कोसंबी यांनी ४५ वर्षांपूर्वी एकट्याने व निराधार स्थितीत केलेला प्रवास पुढील विद्यार्थ्यांना आधारासह करता यावा, असा तिचा आशय होता.

वारसा

कोसंबी यांच्या निधनानंतर धार्मिक व राष्ट्रीय विद्यालयांच्या मान्यतेचे चित्र पुष्कळ बदलले. कोलंबोच्या विद्योदय पिरिवेणाचे १९५९ साली विद्यापीठात रूपांतर झाले आणि आज ते श्री जयवर्धनपुर विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. गुजरात विद्यापीठाला १९६३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या संस्थांतील शिक्षण वा अध्यापन एके काळी अधिकृत पदवीच्या चौकटीबाहेर होते, त्याच संस्था पदव्या देऊ लागल्या.

महाराष्ट्रात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पालीच्या अभ्यासाला नवा विद्यार्थिवर्ग लाभला. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृतचा विभाग चालू झाला. बुलढाण्यासह वऱ्हाडातील जिल्हे अमरावती विद्यापीठाच्या १९८३ मधील स्थापनेपर्यंत याच विद्यापीठाच्या कक्षेत होते. ज्या घरांतून पूर्वी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, अशा घरांतील मुलामुलींना पाली हा पदवीचा विषय म्हणून निवडता येऊ लागला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे साहित्य अकादमीच्या वतीने अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले असून तो आजही वाचला जातो.